पेरूच्या फोडीवरची लाल रेघ

ऐरोलीला धाकट्या भावजयीचं डोहाळजेवण होतं. सातवा महिना. हिरवी साडी, फुलांची वाडी, झाकलेल्या वाटीखालून पेढा निघतो की बर्फी हे बघायला जमलेल्या बायका. त्या गडबडीतून ती जरा वेळ आतल्या खोलीत येऊन टेकली आणि तिखटमीठ लावलेला पेरू खाऊ लागली. पहिला चावा घेतला आणि फोड माझ्यासमोर धरली. "ताई, हे बघा ना." दातांच्या खुणा उमटल्या होत्या तिथे पांढऱ्या गरावर बारीक लाल रेघ होती. "रोज असंच होतंय. ब्रश केला की बेसिनमध्ये गुलाबी पाणी."

मावशी शेजारीच होती. "अगं, बाळ कॅल्शियम ओढून घेतं. आमच्या वेळी एकेका बाळंतपणाला एकेक दात जायचा." आत्याने उपाय सांगितला, "थोडे दिवस ब्रश बंद ठेव. बोटाने मंजन लाव."

दोघींच्या बोलण्यात माया होती, आणि दोघींचंही म्हणणं चुकीचं होतं. मी ज्युनियर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. हार्मोन्सचा धडा दरवर्षी शिकवते. पिट्युटरी, थायरॉइड, इन्सुलिन, इस्ट्रोजेन, सगळं येतं त्यात. तोंड मात्र त्या धड्यात कुठेच येत नाही. त्या पेरूने मला वाचायला लावलं, हिरड्यांच्या डॉक्टरांना भंडावायला लावलं. मी डॉक्टर नाही. पण जे समजलं ते घराघरात पोहोचायला हवं असं मनापासून वाटतं, म्हणून हा लेख.

आधी मावशीचं कॅल्शियम. दातातून कॅल्शियम काढून घ्यायला शरीराकडे वाटच नाही. दातावरचं कवच, म्हणजे एनॅमल, एकदा तयार झालं की त्यात जिवंत पेशी उरत नाहीत, रक्तवाहिन्याही नसतात. हाडांचं तसं नाही. हाडात रोज थोडं जमा होतं, थोडं काढलं जातं. बाळाला कमी पडलं तर ते आईच्या हाडांतून घेतलं जाईल, दातांतून नाही. तेव्हा दूध, नाचणी, डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची गोळी हे सगळं हवंच, पण हिरड्यांचं रक्त त्याने थांबणार नाही. त्या रक्ताचं मूळ वेगळ्याच जागी आहे.

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक चर असते, निरोगी माणसात एक ते तीन मिलिमीटर खोल. सकाळी उठल्यावर दातांवर जीभ फिरवली की जो बुळबुळीत थर लागतो तो जंतूंचा असतो, त्याला प्लाक म्हणतात. तो त्या चरीत साठतो. वेळेवर घासला नाही तर लाळेतल्या क्षारांनी कडक होतो आणि त्याचं कीटण बनतं. कीटण ब्रशने निघत नाही. त्याच्या खरखरीत पृष्ठावर आणखी जंतू बसतात. हिरडीला हे शेजारी सहन होत नाहीत, ती लाल होते, सुजते, सैल पडते. हात लावला की रक्त. इथपर्यंत हार्मोनचा काही संबंध नाही.

आता हार्मोन. हार्मोन म्हणजे ग्रंथींनी रक्तात सोडलेला निरोप. रक्त सगळीकडे फिरतं, त्यामुळे निरोपही सगळीकडे फिरतो. पण ज्या पेशीवर किंवा पेशीत तो ओळखणारा ग्राही असतो, तिलाच तो ऐकू येतो. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गर्भाशय येतं, स्तन येतात. हिरडी येत नाही. पण हिरडीच्या पेशींमध्येही या दोन्ही हार्मोन्सचे ग्राही सापडले आहेत. म्हणजे गर्भाशयासाठी निघालेला निरोप हिरडीही ऐकत असते. प्रोजेस्टेरॉन वाढलं की हिरडीतल्या केशवाहिन्या फुगतात आणि झिरपू लागतात. गरोदरपणाच्या शेवटी प्रोजेस्टेरॉन पाळीच्या चक्रातल्या सर्वोच्च पातळीच्या सुमारे दहापट असतं, इस्ट्रोजेन सुमारे तीसपट. मग एरवी जंतूंकडे थोडंफार दुर्लक्ष करणारी हिरडी इतकी का चिडते ते कळतं. त्यात भर म्हणजे प्रिव्होटेला इंटरमीडिया नावाचा एक जंतू आहे. त्याला वाढायला व्हिटॅमिन के लागतं, आणि ते नसेल तर तो त्याच्या जागी हीच हार्मोन्स वापरू शकतो. बाळासाठी वाढलेलं हार्मोन आईच्या हिरडीतल्या जंतूलाही पोसतं.

एकाच माणसाचे तीन शोध

या विषयात मला वारंवार एक नाव भेटत गेलं, हॅराल्ड लोए. नॉर्वेचे दंतवैज्ञानिक. 1963 मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी सिल्नेस यांनी गरोदर बायकांच्या हिरड्या तपासल्या. दुसऱ्या महिन्यापासून सूज वाढत जाते, आठव्या महिन्यात सगळ्यात जास्त असते आणि शेवटच्या महिन्यात उतरायला लागते, असं त्यांना दिसलं. हार्मोन्सच्या चढत्या आलेखाशेजारी हे ठेवलं की कुणीही म्हणेल, चला, दोषी सापडला.

दोन वर्षांनी, 1965 मध्ये, डेन्मार्कच्या ऑर्‍हूस इथे लोए यांनी एक साधा प्रयोग केला. बारा निरोगी माणसं घेतली. बहुतेक दंतवैद्यकाचे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी. त्यांना सांगितलं, दात घासणं पूर्ण बंद करा. दहा ते एकवीस दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. मग घासणं पुन्हा सुरू केलं, आणि आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. यात गरोदरपण कुठे नव्हतं, कुणाचे हार्मोन बिघडलेले नव्हते. नुसत्या प्लाकने सूज आली आणि नुसता प्लाक काढल्याने गेली.

हे दोन प्रयोग शेजारी ठेवले तेव्हा माझ्या डोक्यात सगळं जागेवर बसलं. ठिणगी प्लाकची असते. हार्मोन फुंकर घालतं. चुलीत निखाराच नसेल तर कितीही फुंकर घाला, जाळ होणार नाही. आत्याचा "ब्रश बंद ठेव" हा सल्ला म्हणूनच उलटा आहे. रक्त येतं म्हणून घासणं थांबवलं की निखारे वाढतात. भावजयीला मी एवढंच सांगितलं, "अगं, मऊ ब्रश घे आणि जिथे रक्त येतं तिथेच जास्त सावकाश घास. हिरडी आणि दात भेटतात त्या सांध्यावर तिरका धर." आठ-दहा दिवसांनी तिचा फोन आला, गुलाबी पाणी कमी झालंय. पूर्ण थांबलं नव्हतं. कीटण होतं, आणि ते घरी निघणारं नव्हतं.

"डिलिव्हरीनंतर या"

ती जवळच्या एका दवाखान्यात गेली, तर तिला दारातूनच परत पाठवलं. गरोदर आहात ना, मग डिलिव्हरीनंतर या. याचा मला मनापासून राग आला, कारण हे पुष्कळ ठिकाणी होतं आणि बायकांचे महिनेच्या महिने त्यात जातात. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्येच स्पष्ट सांगितलं आहे की गरोदरपणात दातांची तपासणी, सफाई, दात भरणं, रूट कॅनलसुद्धा करता येतं, गरज असेल तर दातांचा एक्स-रेही काढता येतो. चौथा ते सहावा महिना सगळ्यात सोयीचा, कारण मळमळ ओसरलेली असते आणि पोटाचा भार अजून वाढलेला नसतो. नंतरच्या महिन्यांत खुर्चीत पूर्ण उताणं झोपवू नये, उजव्या कुशीखाली उशी देऊन किंचित डावीकडे कललेलं ठेवावं, म्हणजे मोठ्या शिरेवर गर्भाशयाचा दाब येत नाही. बधिर करायचं लिग्नोकेन चालतं, दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं. टेट्रासायक्लिन गटातली औषधं मात्र चालत नाहीत, ती बाळाच्या घडत असलेल्या दातांत जाऊन बसतात आणि डाग पाडतात. आयबुप्रोफेन पाचव्या महिन्यानंतर टाळतात. औषध कोणतंही असो, आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून घ्यायचं.

उलट्यांबद्दल एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. पोटातलं आम्ल दातांवर आलं की एनॅमल तेवढ्यापुरतं मऊ पडतं. तोंड खराब लागतं म्हणून बायका लगेच ब्रश करतात, आणि मऊ पडलेला थर घासून काढतात. त्याऐवजी पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चुळा भरायच्या आणि ब्रश अर्ध्या तासाने करायचा.

कधी कधी दोन दातांच्या मधल्या हिरडीवर लालभडक गाठ येते, चटकन रक्त येणारी. तिला प्रेग्नन्सी ट्यूमर म्हणतात, आणि नावात ट्यूमर असल्यामुळे ऐकून घर हादरतं. ती कर्करोगाची नसते. बहुधा बाळंतपणानंतर आपोआप आक्रसते. दाखवून मात्र घ्यायचीच.

आता एक प्रश्न, ज्याचं उत्तर सरळ नाही. हिरड्यांच्या आजाराने बाळ लवकर जन्मतं का? 1996 मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा असा संबंध दाखवला गेला आणि नंतर अनेक ठिकाणी तो दिसला. मग 2006 मध्ये 823 गरोदर बायकांवर एक मोठी चाचणी झाली. अर्ध्या बायकांच्या हिरड्यांवर गरोदरपणातच उपचार केले, अर्ध्यांवर नंतर. वेळेआधी होणाऱ्या जन्मांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच राहिलं. म्हणजे दोन गोष्टी सोबत दिसतात म्हणून एक दुसरीला कारण ठरत नाही. पण त्याच चाचणीत उपचार सुरक्षित ठरले आणि आयांच्या हिरड्या सुधारल्या. "दात साफ कर, नाहीतर बाळ लवकर होईल" अशी भीती कुणाही गरोदर बाईला घालू नये. तिच्या स्वतःच्या तोंडाचं आरोग्य हे कारण पुरेसं आहे.

बाळासाठी खरोखर घाबरायचं असेल तर मशेरीला घाबरावं. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, कुटून दातांना लावायची ही सवय आपल्याकडे अजून घराघरात आहे, गावाहून येऊन दिघा-रबाळ्याच्या चाळींत राहिलेल्या बायकांमध्ये तर फारच. "मशेरीशिवाय पोट साफ होत नाही," असं त्या सांगतात, आणि कुणी तिला व्यसन म्हणत नाही, दात घासणंच म्हणतात. मुंबईत 1,217 बायकांवर झालेल्या आणि 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरलं, आणि दिवस भरण्याआधी होणाऱ्या बाळंतपणांचं प्रमाणही जास्त होतं. हिरडीच्या बाबतीत तंबाखूचं आणखी एक लक्षात ठेवा. निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे आजार आत वाढत असला तरी रक्त कमी दिसू शकतं. सूचना देणारी घंटाच काढून घेतल्यासारखं.

वयात येणाऱ्या मुलामुलींच्याही हिरड्या सुजतात, कारण तेच. त्यांच्याशी भांडण्यापेक्षा ब्रश बदलून द्यावा आणि कसा धरायचा ते दाखवावं. पाळीच्या आधीचे दोन-चार दिवस काही जणींच्या हिरड्या हुळहुळतात, तोंड येतं, आणि पाळी सुरू झाली की बरं वाटतं. गर्भनिरोधक गोळ्यांनी पूर्वी हिरड्या सुजायच्या. आताच्या गोळ्यांत हार्मोन इतकं कमी असतं की तो त्रास फारसा उरलेला नाही. पीसीओएस, म्हणजे पाळी अनियमित करणारा हार्मोन्सचा बिघाड, असलेल्या मुलींमध्ये हिरड्यांचे आजार जास्त आढळतात असं अनेक अभ्यास सांगतात, आणि त्यामागे बहुधा इन्सुलिनचा हात आहे. इन्सुलिनकडेच वळू, कारण इथे नातं दोन्ही बाजूंनी आहे.

तलावपाळीवरचे आकडे

माझा दादा ठाण्याला नौपाड्यात राहतो. रोज सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारतो. तिथल्या कट्ट्यावरचं बोलणं ऐकलं तर एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर सांगणारा आकडा, हा शब्द दिवसातून दहादा कानावर पडतो. "तुमचं किती आलं?" "साडेसात." "माझं आठाच्या खाली यायलाच तयार नाही." चहा बिनसाखरेचा, भात अर्धा, चालणं चुकत नाही. हिरड्यांचं काय, हे मात्र कुणी कुणाला विचारत नाही. दादाचा आकडा वर्षभर 8.2 च्या आसपास अडकला होता. त्याचे पुढचे दात लांब दिसायला लागले होते, आणि तोंडाला वास येतो हे वहिनी हळूच मला सांगायची.

दात लांब होत नसतात. हिरडी मुळाकडे सरकलेली असते आणि तिच्याबरोबर आतलं हाडही. याला आपण पायोरिया म्हणतो. सूज हिरडीपुरती असेल तोवर ती पूर्ण बरी होते. एकदा ती हाडापर्यंत गेली की गेलेलं हाड सहसा परत येत नाही, पुढची झीज मात्र थांबवता येते.

साखर वाढलेली राहिली की शरीरातल्या प्रथिनांना साखर चिकटते. अशा प्रथिनांनी सूज भडकते, बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, पांढऱ्या पेशींचं काम मंदावतं, जखम भरायला वेळ लागतो. मधुमेहींना हिरड्यांच्या गंभीर आजाराचा धोका सुमारे तिप्पट असतो. 1993 मध्ये हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं गेलं. डोळे, मूत्रपिंडं, नसा यांच्या रांगेत हिरडी आणून बसवणारा तो माणूस पुन्हा हॅराल्ड लोएच.

आता उलटी बाजू, जी फार कमी जणांना माहीत असते. आजार गंभीर असेल तर सगळ्या दातांभोवतीच्या खोल चरींमधलं सुजलेलं अस्तर एकत्र पसरून मोजलं तर 8 ते 20 चौरस सेंटीमीटर भरतं. काड्यापेटीच्या छापील बाजूएवढी उघडी जखम. तेवढी जखम पायावर असती तर माणूस त्याच दिवशी डॉक्टरकडे धावला असता. तोंडात ती दिसत नाही, दुखत नाही आणि वर्षानुवर्षं राहते. तिथून जंतूंचे अंश आणि सूज आणणारी रसायनं रक्तात उतरत राहतात. टीएनएफ-अल्फा हे त्यातलं एक. इन्सुलिनचं काम पेशीला सांगणं, दार उघड, साखर आत घे. इन्सुलिन कडी वाजवतं, पण सूज आणणाऱ्या रसायनांचा गोंगाट इतका असतो की पेशीला ती ऐकूच येत नाही. साखर बाहेर रक्तातच राहते. ती हिरडी आणखी बिघडवते, आणि चाक फिरत राहतं.

हे चाक थांबवता येतं का, हे पाहणाऱ्या चाचण्या एकत्र करून 2022 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने आढावा प्रसिद्ध केला. हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी 0.4 टक्क्यांहून थोडा अधिक उतरला. आकडा लहान वाटेल, पण एचबीएवनसीची लढाई अशाच दशांशांची असते. गोळी सोडायची नाही, इन्सुलिन सोडायचं नाही. त्यांच्या जोडीला हे. आपल्या देशात 10.1 कोटी मधुमेही आहेत, आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून 2023 मध्ये आलेला हा आकडा. यातल्या किती जणांना त्यांच्या डॉक्टरांनी कधी "आ" करायला सांगितलं असेल?

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीने मी दादाला नेरूळला एका दंत महाविद्यालयात घेऊन गेले. शेवटच्या वर्षाची एक मुलगी मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक बोथट सळई हिरडीत अलगद सरकवायची आणि आकडा म्हणायची, दुसरी लिहून घ्यायची. एकेका दाताला सहा जागा. "तीन, दोन, तीन. तीन, तीन, चार." मी शेजारी उभी राहून ऐकत होते. मागच्या दाढांपाशी सूर बदलला. "सहा, पाच, सात. ब्लीडिंग." जरा थांबून, "सात, सहा, सहा. ब्लीडिंग." दादाने मुठी आवळल्या होत्या. उठल्यावर म्हणाला, "दुखलं नाही गं काही." तेच तर. दुखलं असतं तर तो पाच वर्षांपूर्वी आला असता.

तिथे त्याने सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारला, "मशिनने साफ केल्यावर दात हलायला लागतात ना?" त्या मुलीने आरशात दाखवलं. कीटणाने दात एकमेकांना सिमेंटसारखे जोडले होते. ते निघालं की आतली खरी फट दिसते, सुजलेली हिरडी आक्रसते, थंड पाणी काही दिवस झिणझिणतं. दात आधीच सैल असतात, कीटणाने ते झाकलेलं असतं.

नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे, नवी मुंबईत या सगळ्या ठिकाणी दंत महाविद्यालयं आहेत. तिथे शिकाऊ डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, दोन-तीन फेऱ्या होतात, खर्च मात्र खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी. हिरड्यांसाठी तिथे पेरिओडॉन्टिक्स हा वेगळा विभाग असतो, केसपेपर काढताना तेच नाव सांगायचं.

पाळी गेल्यानंतर

चाळिशीच्या उत्तरार्धात इस्ट्रोजेन उतरायला लागतं आणि तोंडाच्या तक्रारी बदलतात. तोंड कोरडं पडतं, चव बदलते. काही जणींच्या जिभेची आग होते. आमटी तिखट नसतानाही तिखट लागते, आणि तोंडात पाहावं तर काहीच दिसत नाही. घरचे म्हणतात, मनाचे खेळ. ते मनाचे खेळ नसतात. बर्निंग माउथ सिंड्रोम नावाचा हा ओळखीचा आजार आहे आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये तो सगळ्यात जास्त दिसतो. लोह, बी-12, साखर, थायरॉइड तपासून घ्यायचं, कारण त्यांच्यामुळेही जीभ पोळते.

हाडं विरळ होतात तेव्हा जबड्याचंही हाड त्यातून सुटत नाही. आणि इथे एक अगदी महत्त्वाची सूचना. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याला अलेंड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदा झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन घेत असाल, तर दात काढण्याआधी दंतवैद्याला ते सांगायलाच हवं. या औषधांनी क्वचित, दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून येत नाही. 2003 पासून हे माहीत झालं आहे. हाडांच्या ठिसूळपणासाठीच्या मात्रेत धोका फार कमी असतो, कर्करोगासाठीच्या मोठ्या मात्रेत जास्त. म्हणून औषध सोडू नका. शक्य असेल तर ते सुरू करण्याआधीच किडलेले दात निपटून घ्या.

थायरॉइड कमी असलेल्या मुलांचे दात उशिरा येतात, जीभ जाड होते. थायरॉइड जास्त असलेल्यांना कार्बिमॅझोल दिलं जातं. ते घेताना ताप आणि घसादुखी किंवा तोंडात फोड एकदम आले तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्या, पांढऱ्या पेशी धोकादायक उतरलेल्या असू शकतात. आणि रक्तदाबाच्या अमलोडिपिन या गोळीने काही जणांच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात, ते हार्मोनचं काम नव्हे, पण गोंधळ होतो म्हणून सांगितलं.

ताणात वाढणाऱ्या कॉर्टिसोल या हार्मोनचीही हिरडीवर छाया पडते. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांच्या हिरड्या सडायच्या, त्याला ट्रेंच माउथ असं नावच पडलं. ताण, अपुरं अन्न, सिगारेट, आणि ब्रश नाही. परीक्षेच्या दिवसांत माझ्या विद्यार्थ्यांच्या तोंडात त्याची फार सौम्य आवृत्ती मला दिसते. एक विलक्षण गोष्ट म्हणजे हे कॉर्टिसोल लाळेत उतरतं, आणि ते फार वाढणाऱ्या कुशिंग नावाच्या आजाराचा संशय असेल तर रात्री अकरा-बाराच्या सुमारास घेतलेल्या लाळेत ते मोजतात. शरीराची बातमी तोंडात अशी लिहिलेली असते.

तीच लाळ आपण झोपलो की जवळजवळ थांबते. दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ तोंड धूत असते. रात्री जंतूंना मोकळं रान. सकाळी सगळेच घासतात, पण दोनपैकी एकच वेळ जमणार असेल तर रात्रीची निवडा, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नको.

भावजयीच्या हिरड्यांची सफाई आठवा लागायच्या आत दुसऱ्या एका डॉक्टरांनी केली, उजव्या कुशीखाली उशी देऊन. मुलगी झाली, दिवस भरून. बाराव्या दिवशी मावशीने तिला विचारलं, "दात कितवा गेला?" तिने ओठ मागे ओढून सगळे दाखवले.

दादाला तीन महिन्यांनी पुन्हा नेरूळला नेलं. एचबीएवनसी 7.7 आलं होतं. गोळ्या त्याच, चालणं तेच. तरी एका माणसाच्या आकड्यावरून मी काही सिद्ध करणार नाही. यावेळी सळई दुसऱ्या मुलीच्या हातात होती. "तीन, दोन, तीन. तीन, तीन, तीन." मागच्या दाढांपाशी मी श्वास रोखला. "चार, तीन, चार." लिहिणारीने मान वर केली, "ब्लीडिंग?" "नाही." शेवटच्या दाढेला अजून सहाच आहे. पुढच्या मंगळवारी तिथे हिरडी उघडून साफ करणार आहेत.